मदत हवी आहे : व्यसनमुक्तीनंतर बहिणीला काम शिकायचंय

माझ्या मावसबहिणीने पुण्यात मुक्तांगणच्या 'निशिगंध' या बायकांच्या विभागात दारूवर उपचार घेतले. आता ती साताऱ्यात आईकडे राहते आणि तब्येत चांगली सावरली आहे. परवा तिने स्वतः माझ्या ब्लाउजला हूक-काजं करून दिली. एकेक टाका सारखा, हात जराही थरथरत नव्हता. मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

तिला शिवणकाम नीट शिकून कमवायचं आहे. आरसेटीचं (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचं) प्रशिक्षण मोफत असतं, राहणं-जेवणही तिथेच, हे माहीत आहे. पण निवासी वर्गात महिनाभर अडकली तर आठवड्याची एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडलेल्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंग चुकेल, आणि ती मीटिंग आत्ता औषधाइतकीच गरजेची आहे. शिवाय दहा वर्षांचा मुलगा आहे, त्याची शाळा आहे.

तर सातारा किंवा कराडमध्ये दिवसा दोन-तीन तासांचा शिवणवर्ग कुणाला माहीत आहे का? जन शिक्षण संस्थेचा, आयटीआयचा, बचत गटाचा, कुठलाही चालेल. नंतर घरबसल्या काम देणारं कुणी असेल तर फारच उत्तम. शिकवणाऱ्या बाईंना आधी सगळं सांगावं की नको, यावरही अनुभवी लोकांनी बोला. पुरुष दारू सोडून आला की गाव त्याचा सत्कार करतं, बाईबद्दल मात्र कुजबुज होते, म्हणून विचारतेय.

आणि सातारा-कराडकडे फक्त बायकांची एए मीटिंग भरते का? माहिती असेल तर कृपया मेसेज करा.