गट ‘पडले’ की ‘पाडले’? (आणि फरक, अंतर, तफावत)

भाचीचा एमएस्सीचा प्रोजेक्ट आजोबांना मराठीत समजावायचाय, ते रिटायर्ड मास्तर, इंग्लिश शब्द आला की थांबवतात. तिने हिंजवडीला रोज जाणाऱ्यांचा सर्व्हे केला, प्रवासाचा वेळ आणि खर्च घेऊन क्लस्टर अ‍ॅनालिसिस (सारखी माणसं एकत्र करून गट बनवणं) केलं, तीन गट आले, मग गटांची तुलना. मी लिहिलंय, ‘वेळ व खर्च यांबाबत गटांमध्ये लक्षणीय अंतर आढळले’. अंतर, फरक का तफावत?

प्रतिसाद १
अंतर नको हो. आलेखावर एकेक माणूस म्हणजे एकेक ठिपका, त्या ठिपक्याठिपक्यातलं अंतर मोजूनच तर क्लस्टर, म्हणजे गट, बनतात, तोच शब्द परत इथे आला की मास्तर अडकणार. तफावत म्हणजे जुळायला हवं ते जुळलं नाही, कॅशबुक आणि पासबुकात असते ती. साधा फरक लिहा.

प्रतिसाद २
मला ‘आढळले’ खटकतंय. मार्केट यार्डात आंबे आकाराने निवडून पेट्या भरल्या, आणि मग मोठ्या आंब्यांच्या पेटीतले आंबे मोठे आढळले म्हणालो तर हसतील ना लोक?

मूळ लेखक
पण अनोव्हा (गटांच्या सरासऱ्यांत फरक आहे का, याची चाचणी) केलंय तिने, पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) अगदी बारीक आलीये.

प्रतिसाद २
येणारच! अनोव्हा धरून चालतं की गट आधीच ठरलेले आहेत. संख्याशास्त्रज्ञ फिशरचा १९३६चा आयरिस फुलांचा डेटा बघा, १५० फुलं, तीन जातींची ५०-५०, जाती आधीच माहीत, म्हणजे गट पडलेलेच होते, तिथे पाकळीच्या लांबीत फरक आढळला म्हणणं रास्त. भाचीने गट पाडलेत, तेही वेळ-खर्चात जास्तीत जास्त फरक दिसेल असे. एकच सरसकट घोळका घेऊन के-मीन्सने (गट पाडायची एक रीत) दोन तुकडे करा, तरी पी-व्हॅल्यू बारीकच येते. पडणे-पाडणे हा भेद मराठीत आयता आहे, वापरा की.

प्रतिसाद १
‘लक्षणीय’ही जपून हां, वाचणाऱ्याला ते ‘मोठा’ वाटतं. त्यामागचा इंग्लिश शब्द सिग्निफिकंट, म्हणजे निव्वळ योगायोगाने एवढा फरक सहसा दिसत नाही, इतकंच. सॅम्पल मोठं असलं की चिमूटभर फरकही सिग्निफिकंट निघतो.

मूळ लेखक
भाचीला विचारलं, वय आणि नोकरीची वर्षं गट पाडताना घेतली नव्हती म्हणे, मग त्यांवर तुलना चालेल ना? आता असं करतोय: ‘वेळ व खर्च पाहून तीन गट पाडले. या गटांच्या सरासरी वयात फरक आढळतो का, ते तपासले.’

प्रतिसाद २
चालेल. फक्त वय प्रवासखर्चाशी बांधलेलं असेल तर फरक थोडाफार दिसणारच, पण तो निदान आपण पाडलेला नाही.