शैक्षणिक कर्जाची सरकारी हमी फी वाढवते का?

नेरूळवासी
बारावीचा निकाल लागला की ठाण्यापासून पनवेलपर्यंत कॉलेजांचे फलक झळकतात. 'शैक्षणिक कर्जाची सोय' ही ओळ त्यावर ठळक असते, फीचा आकडा मात्र फोन केल्याशिवाय कळत नाही. माझं मत स्पष्ट आहे. या फीवाढीला सरकारचीच फूस आहे, आणि ती कर्जाच्या वाटेने येते.

साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. २०१५ पासून केंद्राचा हमी निधी बुडालेल्या रकमेतले ७५ टक्के भरून देतो. म्हणजे बँकेची जोखीम पाव हिस्सा आणि कॉलेजची काहीच नाही, कारण फी थेट त्यांच्या खात्यात जमा होते. उरलं कोण? मुलगा. हिशोब मांडून बघा: चार वर्षांत समान हप्त्यांनी साडेसात लाख उचलले, १० टक्के सरळ व्याज, शिक्षण संपल्यावर एक वर्षाची मुभा. परतफेड सुरू होईपर्यंत व्याजच २ लाख ६२ हजार होतं. मग दहा वर्षं महिना साधारण १३,४०० रुपये हप्ता. ऐरोलीत तीन-साडेतीन लाखांच्या पॅकेजवर लागलेल्या मुलाच्या निम्म्या पगाराची वाट तिथेच लागते.

माझी मागणी: शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेल्या फीच्या वर एक रुपयाही हमीच्या कर्जात बसू नये. अभिमत विद्यापीठं या प्राधिकरणाच्या कक्षेबाहेर आहेत. ती आत येईपर्यंत त्यांच्या अभ्यासक्रमांना हमीच नको.

नौपाडा_निवृत्त
मी बँकेत नोकरी केली, म्हणून दुसरी बाजू मांडतो. तुमचं कार्यकारणच उलटं आहे. विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना वसंतदादांच्या सरकारने १९८३ मध्ये परवानगी दिली. देणगीविरोधी कायदा करावा लागला १९८७ मध्ये. बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली २००१ मध्ये. कर्ज नव्हतं तेव्हाही लूट होतीच, फक्त ती रोखीत आणि जमीन विकून व्हायची. अनुदान शून्य असेल तर प्राध्यापकांच्या पगारापासून इमारतीच्या देखभालीपर्यंत सगळा खर्च विद्यार्थ्यांच्याच माथी येणार.

हमी काढून घ्या, मग बघा काय होतं ते. हमी असतानाही व्यवस्थापक बिचकतो, कारण कर्ज थकलं की जाब त्यालाच विचारतात. घोडबंदरला फ्लॅट असलेल्याच्या मुलाला तारणावर कर्ज मिळेलच. शहापूर-मुरबाडकडच्या मुलीला 'उद्या या' ऐकावं लागेल, आणि मग ती चढ्या व्याजाच्या वित्त कंपनीकडे जाईल.

नेरूळवासी
काका, १९८३ चा मुद्दा मान्य. पण अमेरिकेचं बघा. तिथले शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी १९८७ मध्येच म्हटलं होतं की सरकारी मदत वाढली की कॉलेजं फी वाढवतात. तरी २००६ पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कॉलेज सांगेल त्या संपूर्ण खर्चाइतकं सरकारी कर्ज मिळू लागलं. शेवटी २०२५ च्या कायद्याने ती योजना नव्या विद्यार्थ्यांसाठी १ जुलै २०२६ पासून बंद केली आणि पदव्युत्तर कर्जाला वर्षाला २०,५०० डॉलर, वैद्यकीय-कायद्यासारख्या शिक्षणाला ५०,००० डॉलर अशी मर्यादा घातली. आपणही तेवढा उशीर करायचा का?

नौपाडा_निवृत्त
बेनेट यांच्या म्हणण्यावर तिथल्या अर्थतज्ज्ञांचंही एकमत नाही. शिवाय तिथे खासगी कॉलेजची फी ठरवणारं आपल्यासारखं प्राधिकरण नाही. आपल्याकडे ते आहे. ते नीट चालवा की!

ऐरोलीची_आई
ते कसं चालतं तेही बघा. कॉलेजने लेखापरीक्षित खर्च दाखवायचा आणि त्यावर फी ठरवून घ्यायची. ज्याचा खर्च जास्त, त्याची फी जास्त. मग काटकसर कोण करेल? तो खर्च पालकांना सहज वाचता येईल असा समोर ठेवा, प्रयोगशाळेत काय आहे नि काय नाही ते आम्ही सांगू.

दुसरं, ८ लाखांची रेघ. २०२४-२५ पासून उत्पन्न त्याच्या आत असलेल्या पात्र मुलींचं व्यावसायिक शिक्षणाचं पूर्ण शिक्षण शुल्क राज्य भरतं. चांगला निर्णय आहे, मनापासून सांगते. पण आम्ही दोघं नोकरी करतो, थोडक्यात रेघेच्या वर जातो, की एकदम सगळी फी अंगावर. उत्पन्नानुसार सवलत पायरीपायरीने कमी करत न्यायला काय हरकत आहे? केंद्राच्या विद्यालक्ष्मी योजनेतली ३ टक्के व्याजसवलतही ८ लाखांवरच थांबते. आमच्यासारख्यांनी कर्जच काढायचं, आणि तुम्ही म्हणता तेही आवळा.

कळवा_लोकल
कर्ज आणि फी यावर भांडताय, जागांचं कोणी बोलत नाही. ठाणे-नवी मुंबईतली अभियांत्रिकी कॉलेजं मोजा, बहुतेक खासगी. कळव्याला महापालिकेने राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय चालवून दाखवलंच ना? सरकारी जागा वाढल्या तर खासगीवाल्यांना फी आपोआप आवरावी लागेल.

नेरूळवासी
त्याला दहा-पंधरा वर्षं जातील, आत्ताच्या अकरावीच्या पोरांचं काय? आणि काका, 'अनुदान शून्य' हे आमच्या नवी मुंबईत अर्धसत्य आहे. सिडकोने शिक्षणसंस्थांना भूखंड सवलतीच्या दरात दिले. त्या जमिनी आगरी-कोळ्यांकडून संपादित केलेल्या होत्या. ज्यांची जमीन गेली त्यांच्याच नातवंडांनी त्या जागेवर शिकायला कर्ज काढायचं, हे मला पटत नाही. सार्वजनिक जमीन घेतली की फीवर सार्वजनिक अंकुश आलाच पाहिजे.

नौपाडा_निवृत्त
भूखंडाचं म्हणणं पूर्ण मान्य. मग अट भूखंडाच्या भाडेपट्ट्यात घाला, मोडली तर संस्थेला दंड करा. कर्जाच्या कागदात घातलीत तर दंड संस्थेला होत नाही, प्रवेश मुलीचा जातो. फीचा हप्ता भरायची तारीख उलटली की जागा पुढच्या फेरीत जाते, ती काही तुमच्या प्राधिकरणाच्या निकालासाठी थांबत नाही.