क्लबहाऊसमधला पिरॅमिड : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-४०२ (बुधवार, रात्री ८:४०)

सर्व सभासदांना नमस्कार. मुलांच्या परीक्षा संपल्या आहेत आणि पुढचे दोन रविवार दुपारी दोन ते पाच क्लबहाऊस मोकळे आहे, असे सचिवांनी कळवले होते. त्या वेळेसाठी माझा एक प्रस्ताव आहे. नाशिकच्या या उन्हात मुलांना दुपारी खाली पाठवता येत नाही, आणि घरात ठेवले तर प्रत्येक जण आपापल्या मोबाइलमध्ये मान घालून बसतो. म्हणून पाचवी ते नववीच्या मुलांनी एकत्र बसून, एकाच पडद्यावर, एक जुना गेम खेळावा असे मला मनापासून वाटते.

गेमचे नाव 'टोटल एक्लिप्स'. इंग्लंडच्या इन्सेंटिव्ह सॉफ्टवेअर या कंपनीने तो १९८८ मध्ये काढला. गोष्ट १९३० सालची आहे. सूर्यदेव 'रे' याच्या पुजाऱ्याने फार पूर्वी शाप देऊन ठेवलेला असतो की, दिवसा जे कोणी सूर्याला झाकेल ते नष्ट होईल. आणि आता दोन तासांत खग्रास सूर्यग्रहण लागणार असल्यामुळे चंद्राचेच तुकडे होण्याची वेळ आली आहे. आपण छोट्या विमानाने वाळवंटात उतरतो, समोर पिरॅमिड असतो, आणि त्याच्या माथ्यावरचे देवस्थान वेळेत उद्ध्वस्त करायचे असते. वाटेत सोने सापडते, त्याची किंमत पौंडांत मोजली जाते. काही वाटा उघडण्यासाठी 'आंख', म्हणजे इजिप्तचे ते वर लंबगोल कडी असलेले जीवनचिन्ह, गोळा करावे लागते. पण सगळा जीव आहे तो पाण्याच्या बाटलीत. बाटलीतले पाणी सतत कमी होत असते, ती वाटेतल्या कुंडांवर भरून घ्यावी लागते, आणि ती कोरडी पडली की सोने कितीही जमलेले असो, खेळ तिथेच संपतो.

आमच्या घरी १९९० साली 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' हा घरगुती संगणक होता. ब्रिटनच्या झेडएक्स स्पेक्ट्रमची ही भारतीय आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन काढली होती. त्याची मेमरी ४८ किलोबाइट, म्हणजे आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोसुद्धा तीत मावणार नाही. इंग्लंडहून सुट्टीवर आलेल्या मामेभावाने या गेमची कॅसेट आणली होती. टेपरेकॉर्डर जोडून ती सुरू केली की टीव्हीच्या कडेने आधी लाल आणि आकाशी जाड पट्टे सरकत, मग निळे-पिवळे बारीक पट्टे धावू लागत, आणि चार-पाच मिनिटे तो कर्कश आवाज ऐकत आम्ही भावंडे श्वास रोखून बसत असू. शेवटी 'टेप लोडिंग एरर' असे आले, तर दादा बारीक स्क्रू ड्रायव्हरने टेपच्या हेडचा स्क्रू किंचित फिरवी आणि कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावावी लागे.

दादा बटणे दाबायचा आणि मी नकाशा काढायचे. जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या कोऱ्या बाजूवर काढलेला माझा पहिला नकाशा बाबांनी हातात घेतला आणि एकच प्रश्न विचारला, "यात उत्तर दिशा कुठे आहे?" बाबा पाटबंधारे खात्यात सर्वेक्षणाच्या कामावर होते. गेमच्या पडद्यावर होकायंत्र होते, पण आम्ही त्याच्याकडे पाहिलेच नव्हते. या गेममध्ये एका पावलाची लांबी आणि एका वेळी किती अंशांनी वळायचे हे आपल्याला ठरवता येते. बाबांनी ते एकदा ठरवून घ्यायला लावले आणि मध्ये बदलायचे नाही असे बजावले. त्यानंतर भिंतीपासून भिंतीपर्यंतची पावले मोजून मी नकाशावर लांबी लिहू लागले, आणि ज्या दालनांत आम्ही आठवडाभर चकवा लागल्यासारखे फिरत होतो, ती दालने कागदावर एकमेकांना जोडली गेली. वर पोचायला एखादा मजला उरला असेल, तेवढ्यात वीज गेली. स्पेक्ट्रमवरचे सगळे पुसले गेले, पण कागदावरचा नकाशा शाबूत होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच आधारे आम्ही अर्ध्या वेळात पुन्हा तिथवर आलो. माझ्या लेखी खरा खेळ तोच होता, आणि मुलांनी तो तसाच, हातात पेन्सिल घेऊन खेळावा अशी माझी इच्छा आहे.

सचिव (बुधवार, रात्री ९:०५)

ताई, क्लबहाऊस देण्यास कमिटीची हरकत नाही. प्रोजेक्टर गणेशोत्सवात वापरतो तोच आहे, तो मी काढून ठेवतो. साडेपाचला योगवर्गाची मंडळी येतात, तेव्हा कृपया पाचला हॉल मोकळा करावा.

ए-१०३ (बुधवार, रात्री ९:२२)

ताई, कल्पना चांगली आहे, परंतु दोन शंका आहेत. या खेळात पिस्तूल आहे असे नेटवर वाचले. दुसरे असे की, घरी सासूबाईंनी ग्रहण आणि शाप हे शब्द ऐकले तेव्हापासून त्या अस्वस्थ आहेत. मुलांच्या मनात भीती बसू नये, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

बी-४०२ (बुधवार, रात्री ९:३५)

पिस्तूल आहे हे खरे आहे आणि ते मी आधीच सांगायला हवे होते. रक्त मात्र कुठेही दिसत नाही. उंचावरून पडलो किंवा विषारी बाणांच्या सापळ्यात सापडलो की पडद्यावरच्या हृदयाची धडधड वाढते, आणि मग थोडा वेळ विश्रांती घ्यावी लागते. त्या विश्रांतीत घड्याळ मात्र वेगाने पुढे सरकते. थांबायचे की पुढे जायचे, हे मुलांनी आपसांत बोलून ठरवायचे असते. शापाविषयी सी-२०४ मधल्या सरांनी सांगावे, त्यांच्याइतक्या अधिकाराने मला सांगता येणार नाही.

सी-२०४ (बुधवार, रात्री १०:१०)

मी निवृत्त इतिहास शिक्षक या नात्याने थोडे विस्ताराने लिहितो. शापाची कथा तुतनखामेन या इजिप्तच्या प्राचीन राजाच्या थडग्यामुळे जगभर पसरली. उत्खनन करणारे हॉवर्ड कार्टर यांना इजिप्तमधल्या लक्सरजवळच्या राजांच्या दरीत त्या थडग्याची पहिली पायरी ४ नोव्हेंबर १९२२ रोजी सापडली. खर्च उचलणारे लॉर्ड कार्नार्व्हन एप्रिल १९२३ मध्ये कैरो येथे वारले आणि वृत्तपत्रांनी त्याचा संबंध शापाशी जोडला. वस्तुतः डास चावलेल्या जागी जखम होऊन ती चिघळली होती. थडग्यात सर्वांत आधी उतरणारे आणि तिथे सर्वांत जास्त वेळ काढणारे स्वतः कार्टर १९३९ पर्यंत जगले. हे आजींना अवश्य सांगावे. ग्रहणाविषयी म्हणाल तर २ ऑगस्ट २०२७ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा लक्सरवरूनच जाणार आहे आणि तिथे सूर्य सहा मिनिटांहून अधिक काळ पूर्ण झाकलेला राहील. चंद्राला त्यामुळे काही होणार नाही, हे मुलांना पंचांगकर्त्यांच्या आणि खगोलशास्त्रज्ञांच्या गणितातून दाखवता येईल.

माझा आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. खजिना शोधण्याच्या अशा खेळांत थडग्यात शिरायचे, सोने उचलायचे आणि पुढे पळायचे, एवढेच शिकवले जाते. इजिप्तच्या पिरॅमिडांचे प्राचीन काळी हेच झाले. चोरांनी ते रिकामे केले, म्हणून नंतरच्या राजांनी आपली थडगी दरीतल्या खडकात लपवून खोदवली, आणि तुतनखामेनच्या थडग्यातही प्राचीन काळीच चोर शिरून गेले होते. कार्टर यांनी तिथल्या पाच हजारांहून अधिक वस्तू बाहेर काढायला सुमारे दहा वर्षे घेतली. प्रत्येक वस्तूला क्रमांक दिला, ती कुठे होती हे लिहिले, आणि हॅरी बर्टन यांनी तिचे छायाचित्र घेतल्याशिवाय ती हलवली नाही.

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण देतो. जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ती नाणी क्षत्रप नहपानाची होती आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात, सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात, तिच्या मुलाने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या वंशाचा, निःपात केल्याचे कोरले आहे, आणि दगडावरच्या त्या ओळीला जमिनीतून निघालेल्या नाण्यांनी साक्ष दिली. ही नाणी सापडल्याबरोबर वितळवून कोणी चांदी केली असती, तर चांदी तेवढीच भरली असती आणि साक्ष गेली असती. म्हणून माझी विनंती आहे की, या खेळात सोने मिळाले की नुसते गुण मोजू नयेत.

बी-४०२ (बुधवार, रात्री १०:३०)

सर, तुमचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि इतकी वर्षे हा खेळ मनात बाळगूनही मी त्या बाजूने कधी विचार केला नव्हता, हे प्रांजळपणे सांगते. आपण असा नियम करू : जी वस्तू ज्या दालनात, ज्या भिंतीजवळ सापडली, ते नकाशावर आणि नोंदवहीत लिहिल्याशिवाय ती आपल्या हिशेबात धरायची नाही, मग पडद्यावर पौंड कितीही वाढोत. नोंदवही तुम्ही सांभाळाल का?

सी-२०४ (बुधवार, रात्री १०:३४)

आनंदाने. रकाने मी आखून आणतो.

ए-५०१ (गुरुवार, सकाळी ७:५०)

काकू, स्पेक्ट्रमचा एम्युलेटर, म्हणजे त्या जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम, माझ्या लॅपटॉपवर चालतो, त्यामुळे कॅसेटची गरज पडणार नाही. मी काल रात्री थोडा वेळ खेळून पाहिले. एक पाऊल टाकल्यावर चित्र पुन्हा रेखाटले जाईपर्यंत क्षणभर थांबावे लागते, आणि दोन-तीन रंगांत सगळे उभे केले आहे. हल्लीच्या मुलांना हे फार संथ वाटेल अशी मला भीती आहे. एम्युलेटरचा वेग वाढवता येतो, तो वाढवू का?

बी-४०२ (गुरुवार, सकाळी ८:१५)

कृपया वाढवू नकोस. त्या क्षणभराच्या थांबण्यातच एक जण "डावीकडे दार आहे" म्हणतो आणि दुसरा ते कागदावर काढतो. वेग वाढवला की बटणे दाबणारा एकटाच खेळतो आणि बाकीचे प्रेक्षक होतात. कोणत्याही टप्प्यावर खेळ साठवून ठेवण्याची जी सोय आहे, तीही फक्त पाच वाजता, हॉल सोडतानाच वापरू.

बी-४०२ (रविवार, रात्री ८:२०)

आज चौदा मुले आली होती. पहिल्या खेपेला सगळ्यांचे लक्ष सोन्याकडे होते, बाटलीकडे कोणी पाहिले नाही आणि तहानेने खेळ संपला. दुसऱ्या खेपेला घाईने एका कडेवरून खाली पडलो. तिसऱ्या खेपेला मुलांनी आपणहून कामे वाटून घेतली : दोघे बटणांवर, एक जण फक्त होकायंत्र वाचायला, एक जण फक्त पाणी सांगायला, तिघे चौकटीच्या वहीवर नकाशा काढायला, आणि उरलेले सरांभोवती नोंदवहीपाशी.

सी विंगमधल्या सहावीतल्या मुलीचे मला विशेष कौतुक वाटले. तिने कोणी न सांगता प्रत्येक कुंडाची जागा निळ्या पेन्सिलीने रंगवली होती आणि तिथून किती पावले गेल्यावर बाटली निम्मी होते तेही शेजारी लिहिले होते. पुढे एका बंद दालनात अडकून पाणी तळाला गेले तेव्हा बटणांवरची मुले गोंधळली. तिने वही वर धरली आणि शांतपणे सांगितले, "मागे वळा, अकरा पावले, मग उजवीकडे." पडद्यावर कुंड दिसले तेव्हा सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या.

त्याआधी एक वादही झाला. एका मुलाने सोने उचलले, पण दालनाची नोंद करायची राहून गेली. सरांनी ते हिशेबात धरले नाही. मुलगा हिरमुसला, तरी थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला की परतताना ती भिंत पुन्हा पाहून लिहू, आणि खरोखरच लिहिली. गेमच्या घड्याळात एक तास दहा मिनिटे गेली असताना पाच वाजले. माथा अजून दूर आहे.

ए-१०३ (रविवार, रात्री ८:४१)

ताई, मुलगा घरी आल्यापासून आपल्या फ्लॅटचा नकाशा पावले मोजून काढतो आहे. सासूबाईंनी त्याला कार्टर किती वर्षे जगले हे दोनदा विचारून घेतले. पुढच्या रविवारी त्यांनाही यायचे आहे, खुर्चीची व्यवस्था होईल का?

सचिव (रविवार, रात्री ८:५०)

आजींसाठी पुढच्या रांगेत, पंख्याखाली खुर्ची ठेवतो.

सी-२०४ (रविवार, रात्री ९:१५)

नोंदवहीत आज नऊ नोंदी झाल्या. त्यांतली सहावी अपुरी आहे, कारण दिशा लिहिलेली नाही. ती पुढच्या खेपेला आधी पूर्ण करू आणि मगच वरच्या मजल्याकडे जाऊ. या सुट्टीतच एखाद्या सकाळी, ऊन चढण्याआधी, मुलांना पांडवलेण्यांतले तिसरे लेणे दाखवण्याची माझी तयारी आहे. ज्या पालकांना सोबत यायचे असेल त्यांनी इथेच कळवावे.

बी-४०२ (रविवार, रात्री ९:२०)

सर, मी येते. नकाशाची आणि नोंदींची अशा दोन्ही वह्या क्लबहाऊसच्या कपाटात ठेवल्या आहेत आणि किल्ली वॉचमनकाकांकडे दिली आहे. पुढच्या रविवारी बरोबर दोनला सुरू करू. निळी पेन्सिल संपत आली आहे, तेव्हा कोणाकडे असल्यास पाठवावी.