अँबॅसडर मार्क थ्री: थर्मोस्टॅट बसवला, पण एल्बोखालून पाणी थांबेना

अँबी_७७, सातारा
वडिलांची १९७७ची मार्क थ्री, १४८९ सीसी पेट्रोल. कुठल्याशा गॅरेजवाल्याने पूर्वी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढूनच टाकला होता. थंडीत तापमानाचा काटा वर सरकायचाच नाही, चोक अर्धा ओढून महाबळेश्वरपर्यंत जायचो. आता ८२ अंशांचा नवा बसवलाय. काटा छान बसतो, पण इंजिनाचं हेड आणि थर्मोस्टॅटवर बसणारा एल्बो (पाण्याची वाकडी तोटी) यांच्या सांध्यातून पाणी झिरपतं. दोनदा पॅकिंग बदललं, तिसऱ्यांदा भरपूर सिलिकॉन लावलं, नटही चांगले आवळले. कुठलं सीलंट वापरू?

जुना_फिटर, कोल्हापूर
भाऊ, सीलंट बदलून काही होणार नाही. आणि नट आता आणखी आवळू नका, हात जोडून सांगतो.

एल्बो ॲल्युमिनियमचा आहे. थर्मोस्टॅटची कड हेडच्या खाचेत पूर्ण बसली नसेल, तर एल्बो त्या कडेवर टेकतो आणि नट आवळले की त्याचे कान (नटांची भोकं असलेल्या कडा) खाली वाकतात. म्हणजे जितकं आवळाल तितकी गळती वाढणार. थर्मोस्टॅट खाचेत ठेवा आणि वरून नख फिरवा. नख कडेला अडलं तर खाचेत गंज किंवा चुन्यासारखा थर आहे. हेडच्या भोकात चिंधी कोंबा, खाच खरवडून काढा, मग चिंधी आठवणीने काढा. थर्मोस्टॅट बसवताना त्याची मेणाची कुपी (तापली की झडप उघडते ती) इंजिनाकडेच हवी.

एल्बो अडकला असेल तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, स्टडवर (नट बसतात त्या आट्यांच्या दांड्यांवर) तेल सोडून रात्रभर ठेवा. निघाला की त्याच्या तोंडावर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे बघा. खालून उजेड दिसला तर जाड काचेवर १२०चा पॉलिश पेपर ठेवून घासा. आधी तोंडावर पेन्सिलीच्या रेघा मारा, सगळ्या पुसल्या गेल्या की तोंड सपाट झालं.

गॅरेजसमोरचा_बाक
सिलिकॉन जास्त लागलं की आतल्या बाजूला त्याचा लोंबता दोरा होतो. तो तुटून रेडिएटरच्या नळीत अडकलेला मी स्वतः काढलाय. कागदी पॅकिंगला दोन्ही बाजूंनी न सुकणाऱ्या सीलंटचा पुसट हात पुरे.

अँबी_७७, सातारा
काका, नख अडलं! खाचेत पिवळट पापुद्रा होता. एल्बोच्या कानांवरच्या रेघा पुसल्या, पण मधल्या भागातल्या तशाच राहिल्या. थर्मोस्टॅटला छोटं भोक नाहीये, चालेल?

जुना_फिटर, कोल्हापूर
कान वाकलेत तेच ते. मधल्या रेघा जाईपर्यंत घासत राहा. कडेच्या पत्र्याला तीन मिलिमीटरचं भोक पाडा, पाणी भरताना हेडमधली हवा तिथून निघते. स्टडला तांब्याचं ग्रीस लावा, पुढच्या वेळी एल्बो हातात येईल. तिन्ही नट आधी बोटांनी, मग आळीपाळीने पाव-पाव फेरा. अर्ध्या इंची पान्हा मधोमध धरा म्हणजे जोर बेताचाच लागतो.

अँबी_७७, सातारा
दोन संध्याकाळी घासण्यात गेल्या. आज रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून गाडी चालू केली. बराच वेळ रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) गार होता, मग एकदम हात लावता येईना आणि पाणी दोन बोटं खाली गेलं. भर घातली, झाकण लावलं. खंबाटकी चढून आलो आणि सांध्याभोवती वर्तमानपत्राचा तुकडा फिरवला. कोरडा! बाबांनी तो तुकडा दोनदा उलटून बघितला.