एकाच देशाची प्रगती एका तक्त्यात हिरवी, दुसऱ्यात पिवळी: कोणती खरी मानायची?

प्रश्न – कोष्टकवाचक

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांवरचा एका देशाचा राष्ट्रीय आढावा तपासायचा आहे. देशाचं नाव बाजूला ठेवतो, आकडे गोल करून देतो. माता मृत्यू प्रमाण (दर 1 लाख जिवंत जन्मांमागे) 2015 साली 180 होतं, 2023 साली 120 झालं. अहवालाच्या मते 2030 पर्यंत ते 70 च्या खाली जाईल, म्हणून हिरवा रंग. हेच आकडे घेतलेल्या दुसऱ्या तक्त्यात मात्र पिवळा आहे. पिण्याच्या पाण्याचं तर त्याहून विचित्र: अहवालात 95 टक्के, आंतरराष्ट्रीय तक्त्यात 48. कुणी आकडे फिरवतंय की मोजण्याची रीतच वेगळी आहे? तपासणीला सुरुवात कुठून करावी?

उत्तर – सरासरी

माता मृत्यूपासूनच सुरू करा, कारण तिथला फरक कागदावर पाच मिनिटांत सापडतो.

अहवालाने सरळ रेषा ओढली आहे. 8 वर्षांत 60 ची घट, म्हणजे वर्षाला 7.5. पुढच्या 7 वर्षांत आणखी 52.5 कमी होतील, 2030 ला 67.5 येईल. झालं हिरवं.

दुसऱ्या तक्त्याने चक्रवाढीचा दर घेतला असणार. 180 वरून 120 म्हणजे वर्षाला साधारण 4.9 टक्के घट. त्याच दराने 2030 ला 84 येतं. 180 वरून 15 वर्षांत 70 गाठायला वर्षाला 6.1 टक्के घट हवी होती. प्रत्यक्ष दर भागिले आवश्यक दर, उत्तर 0.81. युरोस्टॅट, म्हणजे युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था, या गुणोत्तराला 0.95 च्या पुढे लक्षणीय प्रगती म्हणतं आणि 0.60 ते 0.95 मध्ये मध्यम. म्हणून पिवळा.

मृत्युदरासाठी दुसरी रीतच योग्य आहे. सुरुवातीचे मृत्यू प्रशिक्षित सुईण आणि दवाखान्यातलं बाळंतपण यांनी कमी होतात. उरलेल्यांना रक्तपेढी, भूलतज्ज्ञ, रात्री मिळणारी वाहतूक लागते. दरवर्षी तेवढेच 7.5 कमी होत राहतील हे गृहीतक तिथे टिकत नाही. आणखी एक गणित अहवालात आहे का बघा: 2023 ला 120 वर असताना उरलेल्या 7 वर्षांत 70 गाठायला वर्षाला 7.4 टक्के घट लागते. मागे पडलेल्या देशाला दरवर्षी आधीपेक्षा जास्त वेग लागतो, आणि नेमकी हीच ओळ अहवालांतून गायब असते.

उत्तर – पायाभूत वर्ष

वरचं गणित बरोबर आहे, पण 70 हा आकडा तिथे चुकीचा वापरलाय, अहवालातही आणि उत्तरातही. शाश्वत विकास ध्येयांतलं माता मृत्यूबद्दलचं लक्ष्य 3.1, त्यातला 70 हा जागतिक सरासरीचा आहे. एकेका देशासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने ठरलेला नियम असा की 2010 च्या पातळीवरून किमान दोन तृतीयांश घट व्हावी, आणि कोणताही देश 140 च्या वर राहू नये. देशाचा 2010 चा आकडा शोधा. तो 230 असेल तर लक्ष्य 77 येतं. 84 त्याच्याही वर आहे, त्यामुळे इथे निष्कर्ष बदलत नाही, पण दुसऱ्या देशात बदलू शकतो. बालमृत्यूंचं तसं नाही. दर 1000 जिवंत जन्मांमागे 25 आणि नवजातांसाठी 12 ही लक्ष्य 3.2 मधली मर्यादा प्रत्येक देशालाच लागू आहे.

दुसरं, 2023 चा 120 आला कुठून? संयुक्त राष्ट्रांच्या माहितीसाठ्यात प्रत्येक आकड्यापुढे त्याचा प्रकार लिहिलेला असतो: देशाने दिलेला, जुळवून घेतलेला, अंदाजित की प्रतिमानातून (गणिती मॉडेलमधून) काढलेला. जन्म-मृत्यू नोंदणी कच्ची असते तिथे माता मृत्यूचा आंतरराष्ट्रीय अंदाज प्रतिमानावर टेकतो, आणि त्या प्रतिमानात दरडोई उत्पन्न, जननदर आणि प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली झालेल्या बाळंतपणांचं प्रमाण हे घटक आहेत. म्हणजे ताजी मोजणी नसेल तर बाळंतपणाचा आकडा सुधारला की माता मृत्यूची रेषाही खाली झुकते. मग अहवालात हे दोन्ही 'स्वतंत्र यश' म्हणून शेजारी शेजारी छापले जातात. शिवाय अंदाजासोबत 80 टक्के अनिश्चिततेचा पट्टा दिलेला असतो. 2015 आणि 2023 चे पट्टे एकमेकांवर बरेच चढत असतील तर घटीबद्दल जपून लिहा.

आकडा घरोघरच्या सर्वेक्षणातून आला असेल तर तो कोणत्या काळाचा ते पाहा. अशा सर्वेक्षणांत माता मृत्यू बहुधा मागच्या 7 वर्षांचे मिळून मोजतात. कागदावर सर्वेक्षणाचं वर्ष छापलेलं असलं तरी आकडा साडेतीन वर्षं जुन्या स्थितीचा असतो.

उत्तर – नळजोडणी

पाण्याबद्दल: दोन्ही आकडे खरे असू शकतात, मोजलेली गोष्टच वेगळी आहे. 95 म्हणजे 'सुधारित स्रोत', नळ, कूपनलिका, संरक्षित विहीर वगैरे. आंतरराष्ट्रीय तक्त्यातला पिण्याच्या पाण्याचा निर्देशक 6.1.1 त्याहून कडक आहे. सुधारित स्रोत तर हवाच, शिवाय तो घराच्या आवारात हवा, पाणी लागेल तेव्हा मिळायला हवं, आणि ते विष्ठेच्या दूषणापासून तसंच आर्सेनिक, फ्लोराइडसारख्या रसायनांपासून मुक्त हवं.

या तिन्हींची माहिती एकाच कुटुंबाबद्दल एकत्र सहसा नसते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा संयुक्त कार्यक्रम तिन्हींतला सर्वांत कमी आकडा घेतो. आवारात 70, उपलब्धता 64, शुद्धता 48, तर उत्तर 48. इथे दोन चुका होतात. कुणी तिन्हींची सरासरी काढतं, कुणी गुणाकार. गुणाकाराने 22 च्या आसपास येतं आणि देश उगाच बदनाम होतो.

48 वर अडकलेल्या देशाने शुद्धता न सुधारता नवी जोडणी कितीही वाढवली तरी हा आकडा हलणार नाही. तिथे क्लोरीनची मात्रा, गळक्या जलवाहिन्या आणि नमुना तपासणी यांवर पैसा गेला पाहिजे. तक्ता वाचण्याचा खरा उपयोग हाच.

प्रश्नकर्ता – कोष्टकवाचक

तिघांचेही आभार. 2010 चा आकडा शोधतो. एक उरलं: एवढं सगळं असूनही जागतिक क्रमवारीतला देशाचा एकूण गुणांक दरवर्षी वाढतोच कसा?

उत्तर – सरासरी

70 बद्दलची दुरुस्ती मान्य.

दरवर्षी निघणाऱ्या जागतिक क्रमवारीत प्रत्येक निर्देशक 0 ते 100 मध्ये बसवतात, ध्येयातल्या निर्देशकांची सरासरी घेतात आणि मग 17 ध्येयांची समान वजनाने सरासरी. त्यामुळे वीज आणि इंटरनेटची झेप, नद्यांची किंवा जंगलाची घसरण झाकून टाकते. ध्येयाचा रंग मात्र त्यातल्या सर्वांत कमकुवत दोन निर्देशकांवरून ठरतो. गुणांक वाढतो आणि रंग लालच राहतो तो यामुळे.

जुन्या आवृत्तीतला गुणांक नव्याशेजारी ठेवू नका. निर्देशक बदलतात, मागचे आकडेही सुधारले जातात. ताज्या आवृत्तीतली मागे नेऊन पुन्हा मोजलेली मालिकाच वापरा. टोकाच्या दारिद्र्याची रेषा याचं ठळक उदाहरण: दिवसाला 1.90 डॉलर, 2022 पासून 2.15, जून 2025 पासून 3.00, प्रत्येक वेळी वेगळ्या वर्षाच्या क्रयशक्तीनुसार. 2018 च्या अहवालातली टक्केवारी आणि आजची एका आलेखात जोडली तर गरिबी एका वर्षात उसळल्यासारखी दिसते.

आढाव्यात प्रत्येक निर्देशकापुढे मोजणीचं वर्ष, स्रोत, व्याख्येचा क्रमांक आणि गरीब-श्रीमंत, ग्रामीण-शहरी अशी फोड हे चार रकाने मागा. फोडीचा रकाना रिकामा असेल तर त्या ओळीचा हिरवा रंग तात्पुरता समजा.