प्रिन्सेस स्ट्रीट एवढा सरळ आणि रुंद कसा?

प्रश्न – चिराबाजारकर
माझे बालपण दक्षिण मुंबईतल्या चिराबाजारात गेले. काळबादेवी, भुलेश्वर, फणसवाडी या साऱ्या भागात गल्ल्या वळणावळणाच्या आणि अरुंद असताना, मरीन लाइन्सकडून आत येणारा प्रिन्सेस स्ट्रीट मात्र पट्टीने आखल्यासारखा का आहे, हे कोडे मला तेव्हापासून पडले आहे. ही प्रिन्सेस कोण, आणि पाटीवर शामळदास गांधी मार्ग असे नाव कशामुळे आले, हेही कोणी सांगावे.

उत्तर – जुनी मुंबई
याचे मूळ प्लेगमध्ये आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पाहता पाहता निम्मे शहर गाव सोडून पळाले. त्यानंतर १८९८ मध्ये कायदा करून बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही शहरसुधारणेची संस्था स्थापन झाली. दाटीच्या वस्त्यांत कोंडलेली हवा हेच रोगाचे घर आहे, अशी सरकारची समजूत असल्यामुळे समुद्रावरचा वारा थेट वस्तीत शिरेल असे पश्चिम-पूर्व रस्ते पाडायचे ठरले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि १९१० मध्ये खुला झालेला सँडहर्स्ट रोड (आताचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग) ही त्याची फळे होत. मरीन ड्राइव्ह तेव्हा नव्हता, रेल्वेरुळांपलीकडे समुद्रच होता, त्यामुळे ही कल्पना आज वाटते तेवढी भाबडी नव्हती. गंमत अशी की प्लेगचा जंतू १८९४ मध्येच सापडला होता आणि उंदरांवरील पिसवांचा संबंध १८९८ मध्ये मांडला गेला होता, तरीही भर राहिला तो वाऱ्यावरच.

माझ्या मते या रस्त्याची खरी किंमत पाडलेल्या घरांतल्या भाडेकरूंनी मोजली. पुरेशी पर्यायी घरे उभी राहण्याआधीच इमारती पाडल्या गेल्या आणि ती माणसे जवळच्याच चाळींत आणखी दाटीने राहू लागली. पुढे ट्रस्टने इमारतीची उंची तिच्यापुढच्या मोकळ्या जागेच्या साधारण दुपटीपेक्षा जास्त नसावी असा ६३.५ अंशांचा (मोकळ्या जागेच्या पलीकडच्या कडेपासून छतापर्यंतच्या कोनाचा) नियम धरला, दादर-माटुंग्यात नव्या वसाहती आखल्या, आणि १९३३ मध्ये तो महापालिकेत विलीन झाला.

उत्तर – ठाकूरद्वार
प्रिन्सेस म्हणजे प्रिन्सेस ऑफ वेल्स, पुढे राणी झालेली मेरी. नोव्हेंबर १९०५ मध्ये ती पती जॉर्ज यांच्यासह मुंबईत आली होती; त्याच भेटीत जॉर्ज यांनी आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची कोनशिला बसवली.

एक भर घालतो. या रस्त्यावरचे सारेच रस्त्याबरोबर आलेले नाही. वाडियाजी आतश बेहराम हे पारशी अग्निमंदिर १८३० चे, म्हणजे रस्त्याहून पाऊणशे वर्षांनी जुने आहे. उलट १९१६ ची पारसी डेअरी रस्ता झाल्यानंतरची. औषधे आणि शस्त्रक्रियेच्या साहित्याचे घाऊक दुकानदार आजही या पत्त्यावर प्रिन्सेस स्ट्रीट असेच सांगतात.

उत्तर – जुनी मुंबई
शामळदास गांधी हे महात्मा गांधींचे पुतणे आणि ‘वंदे मातरम्’ या गुजराती दैनिकाचे संपादक. जुनागढच्या नवाबाविरुद्ध स्थापन झालेल्या आरझी हुकूमतीचे, म्हणजे हंगामी सरकारचे, ते प्रमुख होते, आणि ती हुकूमत २५ सप्टेंबर १९४७ रोजी याच परिसरातल्या माधवबागेत जाहीर झाली. त्यामुळे पाटीवरचे नाव उपरे म्हणता येणार नाही.