मदत हवी आहे: नवीन कॉम्प्युटरवर जुनं जेकार्ड डिझाईन सॉफ्टवेअर चालेना, शुक्रवारी सॅम्पल द्यायचंय

टर्किश_टॉवेल
नमस्कार. आमचा टॉवेलचा कारखाना सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. डिझाईनचा जुना कॉम्प्युटर गेला. शनिवारी नव्या पेठेतून नवा आणला, त्यात विंडोज ११ आहे. जेकार्ड म्हणजे मागावर नक्षी विणणारं यंत्र, त्याची नक्षी काढायचं आमचं सॉफ्टवेअर टाकलं तर उघडतं आणि लगेच बंद होतं. विंडोज ७ टाकायला गेलो तर भाषा निवडायच्या पहिल्याच पानावर माऊस, कीबोर्ड दोन्ही चालेनात. ज्यांच्याकडून सॉफ्टवेअर घेतलं ते म्हणतात नवीन व्हर्जन घ्या, दर वर्षी पैसे भरा. एक ओळखीचा म्हणतो, डोंगलशिवाय (सॉफ्टवेअर चालायला कॉम्प्युटरला लावावी लागते ती किल्ली) चालणारं देतो, टाकताना फक्त अँटीव्हायरस बंद करायचा. शुक्रवारी पार्टीला सॅम्पल दाखवायचंय. काय करू? लवकर सांगा.

सात_रस्ता
सॉफ्टवेअर कोणत्या सालचं? डोंगल यूएसबीचा की जुन्या प्रिंटरच्या पोर्टचा? जुन्या मशीनवर विंडोज ७ होतं ते ३२ बिट की ६४? बंद होताना काही संदेश येतो का? एवढं कळल्याशिवाय कोणी नेमकं सांगू शकणार नाही.

मुक्तस्रोत
विंडोज काढून लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाका आणि या सगळ्यातून कायमचे सुटा. केरळमधल्या शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर चालतात. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयानेही उबुंटू या लिनक्सवर बेतलेली 'माया' ही प्रणाली आणली. विकणाऱ्याच्या दारात उभं राहायची गरजच नाही.

पूर्वभाग_९
मालक, तुमच्या जेकार्डच्या कंट्रोलरला फ्लॉपी लागते का? आमच्याकडे तोच त्रास होता. फ्लॉपीच्या जागी एमुलेटर बसवला, त्यात पेनड्राईव्ह घालायचा, मशीनला वाटतं फ्लॉपीच आहे. बसवताना केबलची लाल कड कुठल्या बाजूला होती ते आधी बघून ठेवा, उलटी लावली तर दिवा नुसता पेटून राहतो. तीन वर्षं झाली, एकदाही अडलं नाही.

टर्किश_टॉवेल
फ्लॉपी नाही ओ, पेनड्राईव्हच आहे. आणि तो कंट्रोलर उत्तम चाललाय. अडलंय ते डिझाईन बनवायचं सॉफ्टवेअर. डोंगल यूएसबीचा. सॉफ्टवेअर २०११ चं. ३२ की ६४ ते कुठे बघायचं? जुना कॉम्प्युटर सुरूच होत नाही. संदेश येतो, 'की सापडली नाही' असा काहीतरी.

सात_रस्ता
हा संदेश पहिल्याच पोस्टमध्ये हवा होता. सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही, त्याला डोंगल दिसत नाही. डोंगलशी बोलणारा ड्रायव्हर विंडोजच्या अगदी आतल्या थरात चालतो. २०११ च्या सीडीत तो फक्त ३२ बिटचा असेल, तर ६४ बिट विंडोज त्याला आत घेत नाही. आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. 'कम्पॅटिबिलिटी मोड' लावून उपयोग नाही, तो वरच्या प्रोग्रामसाठी असतो, ड्रायव्हरसाठी नाही.

माऊस-कीबोर्ड का गेले? विंडोज ७ आलं २००९ मध्ये. त्याच्या सीडीत यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही, आणि नव्या बोर्डचे सगळे यूएसबी पोर्ट त्यावरच चालतात. त्या मशीनवर ७ टाकण्याच्या मागे लागू नका.

मुक्तस्रोत
वाईन वापरून बघा, बरेच विंडोज प्रोग्राम लिनक्सवर चालतात.

सात_रस्ता
प्रोग्राम चालेल हो. पण डोंगलचा विंडोज ड्रायव्हर वाईनमध्ये चढत नाही. माणसाला शुक्रवारी सॅम्पल द्यायचंय, प्रयोग नको.

हिशेबनीस
माझा वेगळाच प्रश्न आहे. याच कॉम्प्युटरवरून जीएसटी भरता का? डिजिटल सहीचा टोकनही यालाच लावता का?

टर्किश_टॉवेल
हो, एकच कॉम्प्युटर आहे. जीएसटी, ई-वे बिल, बँक, डिझाईन सगळं त्यावरच. सही नाही लागत, आमची प्रोप्रायटरी आहे, मोबाईलवर ओटीपी येतो. का?

हिशेबनीस
का म्हणजे? ज्या कॉम्प्युटरवर तुम्ही कारखान्याची बँक उघडता, त्यावर कोणाच्या तरी ओळखीच्याने दिलेला प्रोग्राम अँटीव्हायरस बंद करून, अॅडमिनचा अधिकार देऊन टाकणार? डोंगल फसवायला जो तुकडा घालतात तो वर म्हटलं त्याच आतल्या थरात बसतो. तिथून कीबोर्डवर दाबलेलं प्रत्येक अक्षर त्याला दिसू शकतं. तो ओळखीचा मनाने कितीही चांगला असो, त्यानेही ते कुठून तरी उतरवलंय. मूळ बनवणारा कोण, हे त्यालाही माहीत नसणार. कृपा करून ते टाकू नका.

आणि इतकी वर्षं विंडोज ७ वर बँक चालवलीत हे वाचून पोटात गोळा आला. त्याच्या सुरक्षा दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० ला थांबल्या. क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती, ती २०२३ च्या जानेवारीतली.

कडक_भाकरी
भीती घालू नका हो. आमच्याकडे अजून एक्सपी आहे, वार्पिंगच्या हिशेबाला. काही झालेलं नाही. या सुरक्षेच्या नावाखाली दर चार वर्षांनी नवीन मशीन विकायचा धंदा आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे, इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर पाहिजे. माझं सातव्या पिढीचं मशीन धडधाकट आहे, त्याला काय भंगारात घालू? आणि विंडोज १० चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

हिशेबनीस
धडधाकट मशीन टाकून द्यावं लागतं हा राग मला मान्य आहे. पण 'काही झालेलं नाही' हा पुरावा नव्हे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला. दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, ज्यांनी टाकली नाही ते सापडले, आणि त्यात सर्वात जास्त मशीनं विंडोज ७ ची होती. कोणी चुकीच्या लिंकवर बोट ठेवायचीही गरज नव्हती. एकाच नेटवर्कमधल्या एका मशीनवरून तो दुसऱ्यावर आपोआप जायचा. तुमचं एक्सपी ऑफिसच्या नेटवर्क स्विचला जोडलेलं असेल, तर त्यावर ब्राउझर उघडता की नाही याला अर्थ नाही.

कडक_भाकरी
जोडलेलं नाही. वायर काढून टाकलीय.

हिशेबनीस
मग तुम्ही योग्य तेच करताय. तेच या मालकांना सांगा की.

नक्षीवाली
मी टॉवेल आणि चादरीचे डिझाईन बनवते, दोन-तीन कारखान्यांसाठी. टर्किश_टॉवेल दादा, ते नवीन व्हर्जन घेण्याआधी एक विचारा: डिझाईन कुठे साठवलं जाणार? तुमच्या डिस्कवर की त्यांच्या सर्व्हरवर? आणि एखाद्या वर्षी पैसे भरले नाहीत तर जुनी फाईल उघडता येईल का?

मला एका ठिकाणी हा अनुभव आलाय. वर्गणी संपली, आणि मी स्वतः काढलेली बॉर्डर मलाच उघडता येईना. पार्टी म्हणत होती मागच्या वर्षीचाच मोर पाहिजे, फक्त दोन इंच लहान. तो मोर मी पुन्हा पहिल्यापासून काढला, चार रात्री बसून. एका पार्टीला दिलेलं डिझाईन दुसऱ्याला दाखवायचं नाही यावर आपला धंदा उभा आहे. ते बाहेरच्या सर्व्हरवर ठेवायचं तर तिथे कोण बघू शकतं हे मला लेखी हवं. फोनवर 'ताई, एकदम सेफ आहे' हे उत्तर मी धरत नाही.

जुना_विणकर
आमच्या काळी आलेख कागदावर चौकोन भरून नक्षी काढायचो, मग पुठ्ठ्याचे पत्ते छिद्रायचे, दोऱ्याने ओवायचे आणि जेकार्डवर चढवायचे. पत्त्यांचा गठ्ठा माडीवर ठेवला की वीस वर्षांनी काढा, तसाच चालायचा. उंदीर आणि ओल एवढेच शत्रू. ती नक्षी आमची होती, कोणाला विचारायला लागत नव्हतं. माझा मुलगा म्हणतो बाबा काळ बदलला. बदलू दे, पण आपलं काम उघडायला दुसऱ्याची परवानगी लागू नये, एवढं मला कळतं.

मुक्तस्रोत
काकांनी माझंच म्हणणं मांडलं. बंद सॉफ्टवेअरमध्ये आत काय आहे ते कळत नाही, म्हणून विश्वास ठेवायला जागाच नसते.

सात_रस्ता
मुक्त सॉफ्टवेअरवर तरी डोळे मिटून कुठे ठेवता येतो? मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लिनक्समधल्या फाईल दाबून लहान करायच्या मुक्त साधनात चोरदरवाजा सापडला. घालणाऱ्याने दोनेक वर्षं प्रामाणिक मदतनीस म्हणून काम केलं होतं.

मुक्तस्रोत
सापडला, हे महत्त्वाचं. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि त्याने मुळापर्यंत खोदलं. कोड उघडा होता म्हणून खोदता आलं. २०१७ चं नॉटपेट्या हे व्हायरसचं प्रकरण आठवा: युक्रेनमधल्या एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधूनच आलं. लोकांनी विकणाऱ्यावर विश्वास ठेवला, अपडेट वेळेवर टाकलं, आणि त्यातच गेले. मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल त्यात अडकलं होतं.

सात_रस्ता
हो, आणि १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं पडली, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले. तो हल्लाही नव्हता. म्हणून मी म्हणतो, सगळं एकाच मशीनवर आणि एकाच विकणाऱ्यावर ठेवू नका. कोणीही चुकला तरी दुसरं काम चालू राहिलं पाहिजे.

पूर्वभाग_९
एमुलेटरचा फोटो टाकू का?

रेपियर_माग
सगळे वाचले. मालक, एक गोष्ट कोणीच विचारली नाही. जुन्या कॉम्प्युटरला नक्की काय झालंय? बटण दाबल्यावर काय होतं?

टर्किश_टॉवेल
पंखा अर्धा सेकंद फिरतो आणि थांबतो. दुरुस्तीवाला म्हणाला बोर्ड गेला, याचा बोर्ड आता मिळत नाही, नवीन घ्या.

रेपियर_माग
त्याने दुसरा एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, लावून बघितला का?

टर्किश_टॉवेल
नाही. उघडून बघितलं आणि सांगितलं.

रेपियर_माग
अण्णा, आधी ते बघा. आपल्याकडे मागाच्या शेजारची केबिन, कापसाची धूळ, मे महिन्याचं ऊन आणि विजेचा चढउतार, यात पहिल्यांदा एसएमपीएसच जातो. पंखा फिरून थांबणं हे त्याचं नेहमीचं लक्षण आहे. नव्या कॉम्प्युटरचा काढू नका, वॉरंटीचं सील तुटेल. ऑफिसमधल्या दुसऱ्या कुठल्या जुन्या मशीनचा लावून बघा, नाहीतर नव्या पेठेतून साधा आणा. आधी ब्रशने धूळ काढा, रॅम काढून पुन्हा बसवा.

हिशेबनीस
सुरू झाला तर पहिलं काम डिझाईनच्या फोल्डरची कॉपी. बाकी सगळं नंतर.

टर्किश_टॉवेल
सुरू झाला!! एसएमपीएसच होता. आत धुळीचा नमदा झाला होता. डिझाईन सगळी जशीच्या तशी आहेत, २०११ पासूनची. रात्री दीडला दोन हार्ड डिस्कवर कॉपी केली. रेपियर_माग, तुमचे उपकार विसरणार नाही. आता विंडोज ७ वर तसंच चालू ठेवलं तर चालेल ना? आणि ते ३२ बिटच निघालं.

सात_रस्ता
चालेल, पण फक्त डिझाईनला. नेटची वायर काढा, वायफायचा तुकडा असेल तर तोही काढा. जीएसटी आणि बँक नव्या मशीनवर. दोन मशीनांमध्ये एकच ठरलेला पेनड्राईव्ह, दुसऱ्या कोणाचा लावू द्यायचा नाही. नव्या मशीनवर सी-डॅक या सरकारी संस्थेचं 'यूएसबी प्रतिरोध' बघा, फुकट आहे, परवानगी दिलेलेच पेनड्राईव्ह चालू देतं.

मग निवांतपणे क्लोनझिला या फुकट प्रोग्रामने अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, घ्या. फोल्डरच्या कॉपीत सॉफ्टवेअर येत नाही, प्रतिमेत येतं. सॅम्पल झालं की नव्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) ३२ बिट विंडोज ७ करून डोंगल त्यात जोडून बघा. ड्रायव्हर आतल्या विंडोजचा लागतो, म्हणून जमायची शक्यता चांगली आहे. काही डोंगल मात्र व्हर्च्युअल मशीन ओळखून नकार देतात, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही.

नक्षीवाली
दादा, प्रत्येक डिझाईनची साध्या बिटमॅपमध्येही एक प्रत काढून ठेवा. विणीची माहिती त्यात येणार नाही, पण नक्षी तरी कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडेल. मोर पुन्हा काढावा लागणार नाही.

टर्किश_टॉवेल
करतो, ताई. मुलगी सुट्टीला आलीय, तिला बसवलंय त्याला. त्या ओळखीच्यालाही नको म्हणून सांगितलं. आता एकच धास्ती: डोंगल एकच आहे. विकणारे म्हणतात या व्हर्जनचा डोंगल आता देत नाही. तो तुटला तर?

रेपियर_माग
समोरच्या पोर्टला लावला असेल तर आत्ता काढा. हातभर यूएसबी एक्स्टेंशन वायर घ्या, मागच्या पोर्टला लावा, डोंगल टेबलाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने बांधा. आमच्याकडचा खुर्चीचा धक्का लागून तुटला होता.

टर्किश_टॉवेल
लावला. सॅम्पल मागावर चढलंय.